छऱ्याच्या दोन बंदुका

सुगंधाबाईचा नवरा येडबा मेंढरं सोडून बंदुकीच्या नादी लागला, तेव्हा त्याच्या थोरल्या भावानं, उमाजीनं, कपाळावर हात मारून घेतला होता. जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडं माळावर त्यांचं लहानसं गाव. सगळं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं. येडबा एकदा हिंगोलीच्या दसऱ्याला गेला आणि फुगे फोडायच्या दुकानासमोर दिवस मावळेपर्यंत उभा राहिला. पुढच्या वर्षी वाट्याची मेंढरं भावाच्या गळ्यात घालून तो हैद्राबादेहून छऱ्याच्या दोन बंदुका घेऊन आला. गावानं त्याला फुगेवाला येडबा म्हणायला सुरुवात केली. तोही त्या नावाला ओ द्यायला लागला.

धंदा साधा होता. एक उभी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना फुगे, मागं छर्रे अडवायला दुहेरी गोणपाट. समोर आडवं बाक, त्यावर बंदुका. जत्रा कुठली का असेना, औंढ्याची शिवरात्र, परभणीचा उरूस, वालूरचा बाजार, दोघं नवरा-बायको एसटीच्या टपावर फळी चढवून जायचे. फुगे फुगवायचे, बांधायचे, टांगायचे हे सुगंधाबाईचं काम. दुपारपर्यंत तिचे गाल ठणकायला लागायचे. बंदूक भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची ते येडबाचं काम, आणि त्यात तो कुणाला हात लावू देत नसे. छर्रा भरायला नळी जोडापाशी खाली मोडावी लागते, तीही गिऱ्हाइकानं नाही, त्यानंच मोडायची. मधे बारीक कंबर असलेला छर्रा तो अंगठ्यानं दाबून बसवायचा आणि नळी जमिनीकडं ठेवून बंदूक पुढं करायचा. हसत हसत कुणी ती दोस्ताकडं वळवली की येडबाचा चेहरा एकदम पालटायचा.

"फुग्याकडं बघा. मानसाकडं न्हाई," म्हणत तो बंदूक काढूनच घ्यायचा. मग गिऱ्हाईक कितीही मोठ्या घरचं असो.

जत्रेत त्यांच्या शेजारी केशरबाईची पाटी असायची. केशरबाई त्यांच्याच गावची, ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली. दिवस असतील तशी बोरं, पेरू, उकडलेल्या शेंगा विकायची. सुगंधाबाईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगानं काटक, बोलायला फटकळ. सुगंधाबाई तिला आक्का म्हणायची. जत्रेत दोघी एका फडक्यावर भाकरी सोडून बसायच्या, एकमेकींच्या कालवणात घास बुडवायच्या. गावाच्या शिवेत एसटी थांबली की मात्र केशरबाई पाटी डोक्यावर घेऊन ओढ्याच्या वाटेनं जायची आणि सुगंधाबाई वेशीच्या वाटेनं. त्यात काही वावगं आहे असं सुगंधाबाईला कधी वाटलं नाही. केशरबाईला काय वाटायचं, ते तिनं कधी विचारलंही नाही. ओढा काही रुंद नव्हता. उन्हाळ्यात तर नुसती वाळूच असायची. पण सुगंधाबाईनं तो जन्मात ओलांडला नव्हता.

सत्त्याहत्तर सालच्या शिवरात्रीला औंढ्याहून परतताना येडबाचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ उतरवणारे झाले, जिंतूरचा दवाखाना झाला. पाडव्याच्या आधीच तो गेला. पोरबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर उमाजी ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "फळी जाळ चुलीत. बंदुका कुनाला तरी देऊन टाकू. तू आमच्या मेंढरांमागं चल."

"फळी ऱ्हाऊ द्या," सुगंधाबाई म्हणाली.

"आन् करनार काय?"

"तेच. जे करत आलो ते."

बाईमाणसानं जत्रेत बंदुका घेऊन बसायचं, हे उमाजीच्या डोक्यात बसेना. तो उठून गेला तो पुष्कळ दिवस आलाच नाही.

पहिल्यांदा ती एकटी वालूरच्या बाजारात बसली, तेव्हा तिला नळीच मोडता येईना. येडबा ती वाळकी काडी मोडावी तशी सहज मोडायचा. आतली स्प्रिंग एवढी ताठ असते याचा तिला पत्ताच नव्हता. समोर पाच-पन्नास बाप्ये गोळा झाले आणि खिदळायला लागले. ती पुन्हा पुन्हा नळीला झटत राहिली. तेवढ्यात शेजारून केशरबाईचा आवाज आला.

"हसायला काय तमाशा हाय का? आन् सुगंधा, तू मनगटानं कशाला झटायलीस? दस्ता मांडीवर टेक, आन् सगळं अंग वतून वड."

बंदुकीचा लाकडी दस्ता मांडीवर टेकवून तिनं दोन्ही हातांनी नळी खाली ओढली. स्प्रिंग कट्‌कन बसली. त्या दिवशी तिची मांडी काळीनिळी झाली, पण संध्याकाळपर्यंत बंदुका चालत राहिल्या. मग हळूहळू तिला सगळं यायला लागलं. ताणलेली बंदूक तशीच ठेवली तर स्प्रिंग मरते. छर्रा न घालता चाप ओढला तर आतला दट्ट्या जाऊन आपटतो आणि बंदूक लवकर खिळखिळी होते. वर्षातून एकदा बंदूक उघडायची, दट्ट्याच्या तोंडावरचा चामड्याचा वायसर शिलाई मशीनच्या तेलात भिजवायचा. हे उघडायचं काम पूर्वी दोघं मिळून करायचे, कारण स्प्रिंग सुटली तर डोळा फोडील. आता ती चौकटीला टेकवून, पदर दुहेरी करून एकटीच दाबायची. त्या वायसरावरच सगळा खेळ होता. तो दट्ट्यापुढची हवा कोंडून धरतो, म्हणून छर्रा सुटतो. तो नसला तर बंदूक नुसती फुसकी.

अठ्ठ्याहत्तरचा आषाढ सरत आला. पावसाळ्यात जत्रा नसतात, तेव्हा सुगंधाबाई गावातच होती, कुणाच्या ना कुणाच्या खुरपणीला जायची. मुंबईत सरकारनं ठराव केला की औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. ही बातमी रेडिओवरून गावात आली आणि दोन-तीन दिवसांत गावाचं रूपच बदललं. एसट्या बंद झाल्या. कुठं रूळ उखडले, कुठं वस्त्या पेटवल्या, अशा एकेक गोष्टी येऊ लागल्या. ज्यांनी कधी विद्यापीठाचं दार पाहिलं नव्हतं, ते पारावर बसून त्याच्या नावासाठी तावातावानं बोलायला लागले. केशरबाईच्या वस्तीतली माणसं विहिरीवर, दुकानात दिसेनाशी झाली.

त्या सकाळी सुगंधाबाई पाण्याला गेली होती. गावचे मोठे जमीनदार आबासाहेब यांचा पुतण्या बन्सीधर पारावर माणसं गोळा करायलाय, असं बायका बोलत होत्या. त्यातली चांगुणाबाई, जिचं माहेर जिंतूरचं, सुगंधाबाईच्या कानाशी लागली.

"ते म्हनायलेत, येडबाच्या घरी दोन बंदुका हायत. तुझ्याकडं यायलेत ते. सांभाळ बाई."

घागर भरली की नाही, ते सुगंधाबाईला पुढं कधी आठवलं नाही. घरात येऊन तिनं दाराला कडी घातली. बंदुका उतरवल्या, गोणपाटावर ठेवल्या आणि एकामागून एक उघडल्या. घाईत एकदा स्प्रिंग निसटून उतरंडीवर आदळली आणि गाडगं फुटलं. दोन्ही दट्ट्यांवरचे वायसर तिनं सुरीनं उचकटून काढले आणि चुलीत टाकले. तेल पिलेलं चामडं चरचरत जळालं, घरभर घाण वास सुटला. मग स्प्रिंगा परत दाबून, पेच आवळून तिनं बंदुका होत्या तशा खुंटीला अडकवल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. झालं तेव्हा तिला जरा धीर आला. आपण काहीतरी केलं, असं वाटलं.

दुपार कलताना ते आले. बन्सीधर पुढं, मागं दहा-पंधरा जण. त्यातल्या कित्येकांनी लहानपणी तिच्याच फळीवरचे फुगे फोडले होते.

"वहिनी, बंदुका द्या," बन्सीधर म्हणाला.

"कशाला?"

"दोन दिवस द्या. गावाचं काम हाय."

"फुग्याच्या हायत त्या. त्यानं काय व्हतंय? आन् नादुरुस्त हायत."

"असू द्या. आमी बघतो."

ती दारात उभी होती. सरकली नाही, पण अडवलंही नाही. एक पोरगा तिच्या बाजूनं आत शिरला आणि दोन्ही बंदुका घेऊन बाहेर आला. छऱ्यांची डबीही त्यानं उचलली. कुणीतरी आरोळी ठोकली. सगळे ओढ्याच्या दिशेनं निघाले.

सुगंधाबाईनं दार लावून घेतलं आणि आतल्या बाजूनं पाठ टेकवून खाली बसली. सांज होता होता गलका ऐकू आला. मग धूर आला. बारीक पाऊस पडत होता, तरी गवती छपरं पेटली कशी, कुणास ठाऊक. रॉकेल नेलं होतं म्हणे. तिनं बंदुकीचा आवाज यायची वाट बघितली. तो आला नाही. "नाहीच यायचा," ती स्वतःशी म्हणत राहिली. बायकांच्या किंकाळ्या मात्र आल्या, आणि त्यातली केशरबाईची कोणती, हे ओळखायला नको म्हणून तिनं कानांत बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडं कुणी नव्हतं. माणसं जवारीच्या वावरांतून जिंतूरकडं निघून गेली होती. उजाडल्यावर बन्सीधर आला आणि त्यानं दोन्ही बंदुका तिच्या अंगणातल्या दगडावर आपटल्या. एकीची नळी वाकली, दुसरीचा दस्ता मधोमध चिरला.

"मेलेल्या बंदुका दिल्यास व्हय आमाला? दोस्तांत मान खाली घालायला लावलीस. समजलं आमाला, तू कुनाची हाईस."

गावानं तिला कामाला बोलावणं थांबवलं. विहिरीवर बायका बाजूला सरायच्या. उमाजी तेवढा एकदा येऊन गेला. त्याला राग नव्हता, भीती होती. "गावाशी वैर घेतलंस, बाई. आता आमाला बी तुझ्या घरी येता येईना," म्हणाला आणि खाली मान घालून गेला.

हे सगळं तिनं सोसलं असतं. मेलेल्या नवऱ्याच्या गावात माणसं किती का पाठ फिरवेनात, केशरबाईला खरं कळलं असतं तर तिला पुष्कळ होतं. पण महिन्याभरानं चांगुणाबाई माहेराहून आली आणि परसातून हाक मारून हळूच म्हणाली, "केशरबाई भेटली व्हती जिंतूरला. ती म्हनली, बंदुका सुगंधाच्याच व्हत्या. म्या वळखल्या. तिनं दिल्या."

"तू सांगितलं न्हाईस का? वायसराचं?"

"मला काय ठाऊक वायसराचं? तू कव्हा सांगितलंस?"

खरंच, तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती जिंतूरला गेली, शोधत हिंडली. माणसं परभणीकडं गेली, कुणी म्हणालं औरंगाबादेला. कुठून आलात, असं विचारल्यावर ती गावाचं नाव सांगायची आणि समोरच्याचं तोंड मिटायचं.

दिवाळीनंतर तिनं घराला कुलूप लावलं आणि मानवतला जाऊन राहिली. तिथं तिचं कुणी नव्हतं, म्हणूनच तिनं ते गाव निवडलं. सरकी-कापसाच्या आडतींच्या मागं एक खोली मिळाली. हंगामात ती जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. पण जत्रांचे दिवस आले की तिचा जीव खोलीत लागेना. शेवटी एक दिवस मानवत रोड स्टेशनावर गाडी धरून ती हैद्राबादेला गेली. एवढ्या लांबचा प्रवास ती पहिल्यांदाच एकटीनं करत होती. डब्यात शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाकडं चाललात?" तर "दुकानात," एवढंच ती म्हणाली.

दुकान येडबाच्या बोलण्यातून तिला माहीत होतं. म्हातारा दुकानदार दखनीत बोलायचा. त्यानं आधी तिच्यामागं कुणी पुरुष आहे का बघितलं आणि नाही म्हटल्यावर एक चकचकीत बंदूक पुढं केली. दस्ता तांबूस, पॉलिशनं आरशासारखा.

"ये लो बाई, एकदम नवी."

तिनं दस्ता खांद्याला लावून बघितला. मान ताणावी लागत होती. जत्रेतल्या बुटक्या माणसाला ती पेललीच नसती. तिनं नळी हळूच मोडली, ती पूर्ण खाली येईस्तोवर कान देऊन ऐकलं. स्प्रिंग आत कुठंतरी घासत होती. नळी मिटवून तिनं टोक धरून डावी-उजवीकडं हलवून पाहिलं. जोडात ढिलेपणा असला की नेम रोज वेगळा पडतो. ती बंदूक तिनं परत केली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. म्हातारा कंटाळला नाही, उलट स्टुल पुढं करून "बैठो" म्हणाला. शेवटी तिनं दोन बाजूला काढल्या, आखूड दस्त्याच्या, साध्या, जरा डागाळलेल्या. त्यातली एक पुढं आयुष्यभर डावीकडं खात राहिली, छर्रा नेमाच्या डावीकडंच जायचा. ते तिला दुकानात कळलं नव्हतं. पण ती गिऱ्हाइकाला आधीच सांगायची, "ही डावीकडं खाती, जरा उजवीकडं धरा," आणि लोकांना तीच बंदूक जास्त आवडायची.

तेव्हा म्हाताऱ्यानं कपाटातून एक छऱ्याचं पिस्तूल काढलं. "ये भी ले जाओ. हल्का है. सिनेमा देखके छोकरे यहीच मांगते."

तिनं ते हातात घेतलं. खरंच हलकं होतं. मुठीत बसलं, आणि तिच्या लक्षात आलं की नुसतं मनगट वळवलं तरी त्याचं तोंड दुकानभर फिरतंय. गल्ल्यावर, दारावर, म्हाताऱ्याच्या छातीवर. बंदूक माणसाकडं वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं. बघणाऱ्याला ते दिसतं, ओरडायला वेळ मिळतो. तिनं पिस्तूल तोंड खाली करून काचेवर ठेवलं.

"नको," ती म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही.

मग वर्षं गेली. फुगेवाली म्हणून तिला अख्खा जिल्हा ओळखायला लागला. तिनं बंदुका बाकाला साखळीनं बांधल्या होत्या, फळीकडं वळतील एवढीच साखळी. लोक त्यावरून थट्टा करायचे. ती हसायची नाही. शेजारी कधी बांगड्यावाला बसायचा, कधी गोडी शेव विकणारा. दुपारी भाकरी सोडली की ती फडक्याचा दुसरा कोपरा रिकामा ठेवायची नाही, पण भाकरी पूर्वीएवढीच थापायची. उरलेली कुत्र्याला घालायची. विद्यापीठाच्या नावाचं मधूनमधून ऐकू यायचं. मोर्चे, उपोषणं, एसट्या बंद. असा दिवस आला की ती खोलीबाहेर पडायची नाही. शेजारच्या पार्वतीबाईला वाटायचं, ही भित्री आहे.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी परभणीचा उरूस भरला आणि सुगंधाबाईनं नेहमीच्या जागी फळी लावली. दुपारची वेळ होती, गर्दी तुरळक. एक तरुण बाई आली. कडक इस्त्रीचं पातळ, खांद्याला पर्स. "मावशी, मी मारू का?" म्हणाली.

सुगंधाबाईनं बंदूक भरून दिली. "डावा हात म्होरं ने, पोरी. नळीखाली धर."

"जात न्हाई मावशी. कोपरात अडतो."

तिचा डावा हात खरंच अर्ध्यावर वाकलेला होता. सुगंधाबाईनं जुन्या गोणपाटाची घडी करून बाकावर ठेवली, नळी त्यावर टेकवली. मुलीनं श्वास धरून चाप ओढला आणि तांबडा फुगा फुटला. ती खुदकन हसली आणि मागं वळून ओरडली, "आई! बघितलंस का?"

बांगड्यांच्या दुकानाशी उभी असलेली म्हातारी पुढं आली. केस पांढरे झाले होते, पण चाल तीच.

"केशराक्का," सुगंधाबाईच्या तोंडून निघालं.

केशरबाईनं तिच्याकडं बघितलं, मग बाकावर बघितलं. "ह्या त्याच का?"

"न्हाई. त्या मोडल्या. बन्सीधरनं दगडावर आपटल्या. ह्या नव्या हायत."

मुलगी दोघींकडं बघत होती. "आई, वळखतीस तू ह्यांना?"

"वळखते. आपल्या गावच्या," केशरबाई म्हणाली. मग सुगंधाबाईला, "ही पंचफुला. तव्हा लहान व्हती. बालवाडीत शिकवती आता."

सुगंधाबाईला वाटलं, आता नाही बोलले तर पुन्हा जमायचं नाही. ती भराभरा बोलायला लागली. "आक्का, म्या वायसर काढले व्हते. दोन्ही बंदुकीचे. सकाळीच काढून चुलीत घातले. त्या बंदुका मेलेल्या व्हत्या. नुस्ती हवा निघत व्हती त्यातून. एक छर्रा बी सुटला नसता. म्या दिल्या न्हाईत, त्यांनी नेल्या. तुमाला सांगायला जिंतूरला आले व्हते मी."

इतकी वर्षं मनात घोळवलेली गोष्ट एवढ्यातच संपली. पलीकडं पाळण्याचा करकर आवाज येत होता.

केशरबाई बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नाही. "बन्सीधरनं बंदूक रोखली, तशी मी वरडले, पंचफुले, पळ. तर ही जीव घेऊन पळाली आन् बांधावरून खाली दगडात पडली. हात तिथं मोडला. जिंतूरला जाईस्तवर लोंबत व्हता. नीट बसलाच न्हाई." तिनं मुलीच्या कोपराला हात लावला. "त्यात छर्रा सुटत न्हाई, हे आमाला कुनी सांगितलं व्हतं?"

"मला वाटलं, आक्का..."

"तुला वायसर काढायला येळ मिळाला, सुगंधा. वढा वलांडून यायला न्हाई मिळाला?"

सकाळपासून दुपार कलेपर्यंतचा तो दिवस सुगंधाबाईनं मनात हजार वेळा उलटा-सुलटा केला होता, आणि त्यात ओढ्याकडं जाणारी वाट तिला एकदाही दिसली नव्हती.

"चल," केशरबाई मुलीला म्हणाली आणि चालायला लागली. पंचफुला घुटमळली. बंदूक तिनं हळूच, नळी फळीकडंच ठेवून, बाकावर टेकवली.

"कुठं ऱ्हाता पोरी?" सुगंधाबाईनं विचारलं.

"रुळाच्या पल्याड, नव्या वस्तीत," असं सांगून ती आईच्या मागं पळाली.

उरूस संपला. सुगंधाबाई मानवतला परतली. जिनिंगचं काम चालू होतं, ती कापसाच्या ढिगाशी बसायची आणि बोटं थांबायची. मुकादम हटकायचा. चैत्र लागला तशी एका सकाळी ती उठली, बरं लुगडं नेसली आणि परभणीची गाडी धरली.

वस्तीत विचारत विचारत ती पोचली तेव्हा उन्हं चढली होती. केशरबाई उंबऱ्याच्या आत तूर निवडत बसली होती. तिनं वर बघितलं. बस म्हणाली नाही, पण सूप बाजूला सारून जागा केली. पंचफुलानं पाण्याचा तांब्या आणून दिला, मग चहा ठेवला. सुगंधाबाई पाणी प्याली. केशरबाईच्या घरचं पाणी ती जन्मात पहिल्यांदाच पीत होती.

दोघी बराच वेळ इकडचं-तिकडचं बोलल्या. गावातलं कोण गेलं, कोण उरलं. उमाजी गेला हे केशरबाईला माहीत होतं, सुगंधाबाईला नव्हतं. तिला ते तिथं बसून कळलं. तिचे डोळे भरून आले तेव्हा केशरबाईनं सूप झटकायचं थांबवलं आणि ती रडून होईपर्यंत तशीच बसून राहिली.

मग सुगंधाबाई म्हणाली, "आक्का, मी भ्याले व्हते तव्हा. बाकी काय न्हाई. गावाला भ्याले. वढ्याकडं गेले तर समदे बघतील, म्हनून घरात बसले."

"ते मला ठाऊक हाय," केशरबाई म्हणाली. "त्याच दिवशी ठाऊक झालं व्हतं."

चहा आला. दोघींनी बशीत ओतून प्याला. कपबशा उचलून पंचफुला आत गेल्यावर केशरबाई सावकाश बोलली.

"आलीस, चांगलं केलंस. खरं बोललीस ते बी चांगलं केलंस. पर पुन्ना येत जाऊ नगंस, सुगंधा. तुझ्यावर राग धरून बसलेली न्हाई मी. पर तू समोर आलीस की मला त्यो धूर दिसायलाय, आन् मग मला रात रात डोळा लागत न्हाई. आता ह्या वयात सोसत न्हाई ते."

सुगंधाबाईनं मान हलवली. उठली, पदर सावरला. गल्ल्या एकात एक गुंतलेल्या होत्या, म्हणून केशरबाई तिला वाट दाखवायला बाहेर आली. रुळापर्यंत दोघी एकमेकींच्या बरोबरीनं चालल्या. तिथून स्टेशन दिसत होतं.

"सरळ जा. मधेच वळू नगंस, नाला हाय," केशरबाई म्हणाली, आणि परतली.

गाडीला उशीर होता. सुगंधाबाई बाकावर बसून राहिली. समोर मालगाडीत सरकीची पोती चढवत होते, ते बघत राहिली. मानवत रोडला उतरली तेव्हा गावात जायला एकही टांगा उभा नव्हता. तिनं थोडी वाट पाहिली, मग चपला नीट केल्या आणि सडकेच्या कडेनं चालायला लागली.